मेंढरं बसवायची पैज

हंबीररावांना मेंढपाळ आप्पासोनं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा म्हणे अख्खा कळप जागीच थबकला, कुत्री भुंकायचं विसरली आणि उंब्रजच्या हायवेवरचे ट्रकसुद्धा घटकाभर गप्प झाले. समोर अंगणात बनियनमधला डोंगराएवढा म्हातारा, वाकड्या टोकाची लोखंडी काठी धरून, एका पांढऱ्या अंड्यापुढं मान खाली घालून उभा. करणीच चाललीय असं समजून आप्पासोनं लांबूनच हात जोडले.

"अंडं न्हाई ते, चेंडू हाय. गोल्फ म्हणत्यात," हंबीरराव दमल्या आवाजात म्हणाले. हे त्यांचं गावभर सांगून झालं होतं.

तसं त्यांचं सगळंच करून झालं होतं. पलटणीत साहेबांच्या गोल्फ मैदानाचं गवत कापलं, निवृत्तीनंतर शिरवळला कारखान्याच्या गेटवर मोटारींना सलाम ठोकले, गुडघे गेले तेव्हा घरी आले. साहेबांनी निरोपाला दिलेली ही चेंडू ढकलायची काठी तेवढी सोबत आली. बायकोनं, मनुबाईंनी, सारवलेल्या अंगणात स्टीलचा पेला पुरून ते रोज संध्याकाळी त्यात चेंडू घालायचा सराव करत. एकटेच. चेंडू पडला तर कौतुकाला कुणी नाही, चुकला तर हसायला कुणी नाही.

आप्पासो हसला. तिथंच तो त्यांना आवडला.

उसाचं रान मोकळं होतं. खतासाठी तीन रात्री मेंढरं बसवायचं ठरलं. चौथ्या दिवशी आप्पासो बिऱ्हाड आवरू लागला, तसे हंबीरराव काठी घेऊन त्याला आडवे आले. नाहीतर पुन्हा ते, पेला आणि गुडघे.

"पाच चेंडू तू, पाच मी. हरलास तर आजची रात हितंच बसवायची."

"आन तुमी हरला तर?"

"तर जा की."

आप्पासो हरला. दुसऱ्या दिवशीही हरला. मग रोजच हरू लागला.

"चेंडू हाय त्यो, मेंढरू न्हाई. हाकतुयास काय?"

"आवं हवालदार, मेंढरू ऐकतंय तरी."

हंबीररावांचे गुडघेही दुखायचे विसरले. मनुबाई तेवढ्या वैतागल्या. "उसाची लागण कवा करायची? रानात लेंड्यांचा थर साचलाय. आता ऊस न्हाई, नारळ यील."

एके संध्याकाळी आपला डाव संपवून आप्पासो मेंढरं हाकायच्या काठीला टेकला आणि उभ्या उभ्याच झोपला. हंबीररावांनी ती झोप ओळखली. शिरवळच्या गेटवर ते तशीच काढत.

"घरी कोण वाट बघतंय का रं?"

"बायको हाय, हरणाबाई," आप्पासो डोळे चोळत म्हणाला. "तकडं आटपाडीला नातीचं जावळ हाय. पर पैज ती पैज."

हंबीररावांचा शेवटचा चेंडू उरला होता. पेला वीतभर अंतरावर. हा पडला की मेंढरं राहणार. त्यांनी बराच वेळ नेम धरला आणि असा टोला हाणला की चेंडू थेट म्हशीच्या गव्हाणीत गेला.

"वय झालं रं गड्या. जा तू."

आप्पासोनं गव्हाणीतून चेंडू काढून त्यांच्या हातात दिला. या वेळी तो हसला नाही. सकाळी कळप गेला.

त्या साली हंबीररावांचा ऊस जादा खतानं लोळला. पुढच्या वर्षी आप्पासो आला नाही. त्यानं मेंढरं विकली होती आणि शिरवळला हंबीररावांच्याच जुन्या गेटवर नोकरी धरली होती.