गोळ्या देणारा, चित्रं काढायला लावणारा आणि झोळीवाली बाई

१२ नोव्हेंबर १९७६, शुक्रवार. सकाळी मी खिडकीच्या जाळीतला कापूस काढत होते. भिवंडीत लूमच्या शेजारी राहणाऱ्या बाईला हे काम रोजचंच. भिंतीपलीकडे लूम खडखडतात, कापूस उडतो आणि आमच्या जाळीत येऊन बसतो. खराट्याच्या काडीने एकेक भोक मोकळं करावं लागतं, नाहीतर आत वारा येत नाही. आतल्या खोलीत माझी धाकटी नणंद होती आणि तिला वाऱ्याची गरज होती.

ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, बारसं झालं आणि त्यानंतर हळूहळू तिची झोपच उडाली. भिंतीकडे तोंड करून बसायची. मूल रडलं तर कुणा परक्याचं रडतंय अशी बघायची. पाजायला मांडीवर दिलं तर पाजायची, पण स्वतः उचलायची नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही फ्रॉकमध्ये होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला शाळेत मी सोडलं. त्यामुळे ती बदलली आहे हे सांगायला मला कुणा पंडिताची गरज नव्हती. पण काय झालंय ते सांगायला पंडितांची रांग लागली, आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळेना.

जाळी अर्धी झाली असेल, तेवढ्यात दिघाशीचा एक माणूस दारात आला. दिघाशी हे तिचं सासर. भाताच्या गोणी घेऊन बाजारात आला होता. चहा नको म्हणाला आणि उभ्या उभ्या निरोप सांगितला की व्याही उद्या येऊन नातवाला घेऊन जाणार आहेत. सुनेचं काय, असं मी विचारलं. त्याने खाली बघितलं.

"पोर आमचं, येडी तुमची, असं म्हनलेत."

निरोप्यावर रागावून उपयोग नव्हता. मी काडी खाली ठेवली.

आता या लोकांनी तोवर काय काय करून ठेवलं होतं ते सांगते. आमच्या सासूबाईंनी सगळ्यात आधी डोंगराकडच्या पाड्यावरून भगत आणला. त्याने सुपात तांदूळ टाकून बघितले, कोंबडी घेतली आणि सांगितलं की मुलीला सासरच्या शिवेवरची बाधा आहे. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. हे दिघाशीला कळलं तसा विहीणबाईंनी आपला भगत बसवला. त्यानेही तांदूळ टाकले, कोंबडी घेतली, आणि बाधा माहेरच्या घरातली निघाली. ज्याच्या घरची कोंबडी, त्याच्या विरुद्धच्या घरात भूत, हा हिशेब माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पण आमच्याकडे बाईचं दुखणं कुणीकडचं हे ठरल्याशिवाय त्यावर औषध करत नाहीत. माहेरचं ठरलं तर माहेराने निस्तरायचं, सासरचं ठरलं तर सासरने. दुखणं तिचं आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मग नाक्यावरचे डॉक्टर. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, अशक्तपणा म्हणाले, इंजेक्शन टोचलं आणि लाल टॉनिकची बाटली दिली. हे डॉक्टर तापाला इंजेक्शन आणि लाल टॉनिक देतात, खोकल्याला इंजेक्शन आणि लाल टॉनिक देतात. दाराच्या फटीत बोट चेंगरलं म्हणून गेलेल्या माणसालाही हेच देताना मी त्यांना बघितलं आहे. सासूबाईंना मात्र ते पसंत पडले, कारण इंजेक्शन दिलं म्हणजे डॉक्टर खरा.

शेवटी कल्याणला कचेरीत असलेले आमचे एक चुलत दीर धावून आले. हे पेपर वाचतात आणि वाचलेलं दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांना पचत नाही. हिला मानसशास्त्रज्ञाची, म्हणजेच मानसोपचारतज्ज्ञाची, म्हणजेच मनोविश्लेषकाची गरज आहे असं त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं. हे तिघे एकच का, असं मी विचारलं. "वहिनी, ते तुम्हाला नाही कळायचं," म्हणाले. त्यांनाही कळलेलं नव्हतं. पण ठाण्याच्या एका इस्पितळाचा पत्ता त्यांनी दिला, तेवढं एक काम त्यांच्या हातून बरं झालं.

ठाणं म्हटल्यावर सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आमच्या भागात कुणाला ठाण्याला नेलं म्हणजे वेड लागलं, असा एकच अर्थ घेतात. शेजारणींना आम्ही सांगितलं की दातासाठी जातोय.

इस्पितळात पहिल्या खोलीत एक चष्मेवाला माणूस बसला होता. अंगात पांढरा कोट नाही, गळ्यात नळी नाही. त्याने नणंदेपुढे कागद ठेवला आणि माणसाचं चित्र काढायला सांगितलं. मग काही पत्ते दाखवले, काही प्रश्न विचारले, उत्तर यायला वेळ लागला तरी गप्प बसून राहिला. सासूबाईंचा धीर सुटला. सुई कधी देणार ते विचार, असं त्यांनी मला कोपराने ढोसून सांगितलं. मी सरळच विचारलं, "तुम्ही डॉक्टर की मास्तर?"

"दोन्ही नाही. मी मानसशास्त्रज्ञ. औषध मी देत नाही. यांना काय होतंय, कितपत होतंय, ते तपासतो आणि नंतर बोलून जी मदत होते ती करतो."

"बघायला तर भगत पन बघतो," सासूबाई म्हणाल्या. "त्याला चित्र लागत न्हाय."

तो हसला नाही, रागावलाही नाही. ही माणसं पगार घेऊन गप्प बसतात, हे एक मला नवल वाटलं.

दुसऱ्या खोलीतले मात्र खरे डॉक्टर होते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात ते हे. आधी सगळ्या शरीराची डॉक्टरकी शिकायची, मग वर मनाच्या रोगांची वेगळी. म्हणून गोळ्या लिहून द्यायचा अधिकार यांना, चित्रवाल्याला नाही. यांनी आमच्याकडे कमी आणि टेबलावरच्या कागदांकडे जास्त बघितलं. पण जे बोलले ते कामाचं बोलले. बाळंतपणानंतर काही बायकांना हे दुखणं होतं, बरं होतं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, रात्री मुलाला दुसऱ्या कुणी बघायचं आणि हिला झोपू द्यायचं. सध्या मुलाजवळ हिला एकटीला सोडायचं नाही, पण मूल हिच्यापासून तोडायचंही नाही. शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी मान वर केली. कुणाची बाधा, माहेरची की सासरची, असं सासूबाईंनी विचारल्यावर ती मान पुन्हा खाली गेली.

तिसरी एक बाई होती. सुती साडी, डोळ्याला चष्मा, खांद्याला झोळी. ही ना तपासत होती, ना औषध देत होती. घरात कोण कोण आहे, स्वयंपाक कोण करतं, नवरा भेटायला येतो का, सासरचे काय म्हणतात, हेच विचारत होती. समाजसेविका, इस्पितळाच्याच नोकरीतली. ही कसलं औषध देते, असं सासूबाईंनी बाहेर आल्यावर विचारलं.

"ही रोग्याला देत नाही," मी म्हटलं. "ही रोग्याच्या सासऱ्याला देते."

माझा नवरा लूमवर जॉबर. रात्री त्याला हे सगळं सांगितलं तर तो लगेच समजला. कापड तपासणारा खोट कुठे आहे ते दाखवतो. लूम जॉबर दुरुस्त करतो. आणि छप्पर गळून लूमवर पाणी पडत असेल तर दोघांचाही उपयोग नाही, छपरावर चढणारा माणूस लागतो. तीन मिनिटांत त्याच्या डोक्यात शिरलं. चुलत दिरांच्या डोक्यात ते अजून शिरलेलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या, पण फरक दिसेना. एक दिवस मी ताक मागायला आत गेले तर सासूबाई सुरीने गोळीचे दोन तुकडे करत होत्या. गोळी गरम असते, बाळंतिणीला बाधते, म्हणून अर्धीच देत होत्या. टॉनिक मात्र दुप्पट. त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा मी माझ्या कपाटात ठेवला आणि गोळी माझ्या हाताने देऊ लागले. गेल्या रविवारी नणंदेने स्वतःहून चहा मागितला. एवढीच प्रगती, पण होती.

आणि आता हे व्याही मूल उचलायला निघाले होते.

झोळीवाली बाई त्या दिवशी दुपारी आमच्या घरी यायचीच होती. ती आली, तिला मी बसूही दिलं नाही. नणंदेजवळ माझ्या नवऱ्याला बसवलं, त्याची ड्युटी रात्रीची होती. आम्ही दोघी वाड्याला जाणाऱ्या एस.टी.ने अंबाडीला उतरलो आणि दिघाशीच्या वाटेला लागलो. वाटेत तिने मला सांगितलं की आपण शांतपणे बोलायचं, त्यांचंही ऐकून घ्यायचं. मी हो म्हटलं. ऐकून घेण्यासारखं त्यांच्याकडे काही असेल यावर माझा विश्वास नव्हता.

गावात शिरलो आणि एक नवल झालं. खळ्यावर झोडणी चालू होती. एका पोराने आम्हाला बघितलं आणि तो ओरडत पळाला. बघता बघता खळी रिकामी झाली. भाताचे भारे तसेच टाकून पुरुष पसार, कुणी ओढ्याकडे, कुणी पेंढ्यामागे. धोतर सावरत पळणारा एक म्हातारा तर नातवंडांचा आजा असावा. बाई चकित झाली. मला चटकन उमगलं. त्या साली नसबंदीचा धाक होता. शहरी साडी, चष्मा, झोळी आणि घरात मुलं किती असं विचारणारं तोंड, एवढ्यावर अख्ख्या गावाने ओळखलं होतं की ही ऑपरेशनला माणसं न्यायला आली आहे. बाई म्हणाली, आपण त्यांचा गैरसमज दूर करू. मी म्हटलं, आधी काम करू.

व्याह्यांच्या घरी फक्त विहीणबाई होत्या. व्याही नाहीत, जावई नाही. एरवी त्या घरात बायका दाराआडून बोलतात. त्या दिवशी दाराआडून ऐकणारा कुणी नव्हता, म्हणून विहीणबाई ओटीवर येऊन बसल्या. झोळीवालीने त्यांना काय झालंय ते साध्या भाषेत सांगितलं. बाधा नाही, खोड नाही, दुखणं आहे, उतरतं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं आणि मग जे विचारलं ते इतके दिवस कुणीच विचारलं नव्हतं.

"हे दुखनं लेकराला लागंल का?"

"नाही लागत."

"तिच्या हातून लेकराला काय व्हनार न्हाय?"

बाई खोटं बोलली नाही. म्हणाली, सध्या जवळ कुणीतरी हवं, सारखं. आई आणि मूल दोन्ही एका घरात ठेवायची आणि वर एक शहाणी बाई. मूल ओढून नेलंत तर ही आणखी खचेल.  विहीणबाईंचं डोकं चालतंय हे मला दिसत होतं. भीती नातवाच्या जिवाची होती, सुनेचा राग नव्हताच. राग होता तो व्याह्यांना, तोही भगताने भरवलेला.

आम्ही निघालो तेव्हा व्याही गोठ्याच्या मागून आले. डोक्यात पेंढा, तोंडावर रुबाब. झोळीवाली पुढे गेली होती, चप्पल झाडत उभी होती. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन, उद्या मी नातवाला न्यायला येतोच, हे ऐकवलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "ती बाई त्याच कामाची का?"

"ती सरकारी इस्पितळातली आहे," मी म्हटलं. हे खरंच होतं. "घराघरात जाऊन चौकशी करणं हेच तिचं काम." हेही खरं. "तुम्ही उद्या आमच्याकडे आलात, तर मला परवा तिला घेऊन पुन्हा इथे यावं लागेल. तुमची गाठ पडल्याशिवाय ती जायची नाही."

व्याह्यांनी झोळीकडे बघितलं. दोन भगतांनी दोन कोंबड्या घेऊन जे केलं नाही ते त्या झोळीने केलं.

परतीच्या एस.टी.त बाई माझ्यावर नाराज होती. असं भीती घालून माणसाचं मन बदलत नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, त्यांचं मन तुम्ही सावकाश बदला, तुम्हाला त्याचाच पगार आहे. मला उद्याच्या दिवसापुरते त्यांचे पाय थांबवायचे होते.  भिवंडीला उतरताना मात्र ती पुढच्या आठवड्यात पुन्हा दिघाशीला जायचं म्हणाली, आणि या वेळी झोळी घरी ठेवते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने विहीणबाई आल्या, एकट्याच, नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. लेकराजवळ राहायला आलेय म्हणाल्या, किती दिवस ते बोलल्या नाहीत. सासूबाई त्यांच्यापुढे बाधेचा विषय काढणार तेवढ्यात मी सासूबाईंच्या हातात टॉनिकची बाटली दिली आणि मोरीत ओतायला सांगितली. कपाटातून गोळी काढली, अख्खी, ती नणंदेच्या तळहातावर ठेवली आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिले. "पाणी," ती म्हणाली. पाणी दिलं. मग मूल विहीणबाईंच्या मांडीवर, नणंदेच्या अगदी शेजारी ठेवलं, आणि खराट्याची काडी घेऊन मी जाळीपाशी बसले. आदल्या दिवशी साफ केलेली अर्धी जाळी रात्रीत पुन्हा कापसाने भरली होती.