बिघडलेल्या पट्टीचे रसिक

“आबांचं टॉफीचं मशीन भंगारात जायचं, ते सरांनी वाचवलं.” आमच्या शेजारचा चॉकलेट-फज विकणारा फजवाला लोणावळ्यात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही कथा ऐकवतो. मी हयात असेपर्यंत ती चालू देणार नाही.

सर म्हणजे वलवणला राहणारे एक निवृत्त प्राध्यापक. चिवट, लवचिक द्रवांचा प्रवाह केव्हा बिघडतो, हा त्यांचा जन्माचा विषय. आमच्या मशीनच्या फटीतून टॉफीची पट्टी माशाच्या खवल्यांसारखी खरबरीत निघू लागली आणि त्यांचे रोजचे येणे सुरू झाले. माल परत येत होता, मुलगा मशीन विकायला निघाला होता, आणि हे गृहस्थ फटीला नाक लावून, गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखे, मांडीवर थाप मारून “वा!” म्हणत.

“सर, उपाय सांगा,” मी म्हणालो.

“आबा, फटीतून जाताना पाक ताण धरतो. वेग वाढला की तो ताण त्याला सोसवत नाही. बघा, काय सुरेख बिघडतोय! जरा अजून जोरात सोडता?”

“सोडतो की. तुमच्या दिवाणखान्यात सोडू?”

वेग मी कमी केला, माझ्या हाताने. पाकाला घाई करू नये, हे आमच्या वडिलांनी कढईपाशीच शिकवले होते. पट्टी आरशासारखी निघाली. सरांनी ती पाहिली आणि चष्मा खिशात ठेवला.

फजवाल्याने एवढेच ध्यानात घ्यावे: मशीन नीट चालू लागल्यापासून सर आमच्या दुकानाकडे फिरकलेले नाहीत.