काळे हात

विश्रामबागेतल्या नव्या कॅफेत शोभेसाठी जुन्या कारागिरांचे फोटो लावलेत. त्यांत माझे अण्णा दिसले आणि कल्हईच्या नवसागराचा वास एकदम नाकात शिरला.

साताऱ्याच्या स्टुडिओत तो फोटो काढला, तेव्हा मी शेजारीच उभी होते. आई म्हणाली, “आवं, हात तरी धुवा.”

“धुतलं तर मला वळखील कोण?” म्हणत अण्णा काळे हात मांडीवर ठेवून ऐटीत बसले. मला तेव्हा नुसतं हसू आलं होतं.

आमच्याकडची प्रत पुरात गेली. आई-अण्णा त्याआधीच गेले. इथं फोटोखाली लिहिलंय, ‘जुना कारागीर’.

वेटरनं विचारलं, “मॅडम, एकट्याच का?”

कितीतरी वर्षांनी तोंडात घरची बोली आली. “न्हाई,” मी म्हणाले, “दोघं हाय आमी.”