कवटी खोडलेलं चित्र

हार्लेममध्ये तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून ती कागदावर छापणारे पैशाला पासरी, पण लहान पोराची गुबगुबीत मांडी कोरावी ती गोव्हर्टनेच. माणूस तसा वाईट नव्हता हो. फक्त कामाला बसला की त्याला दुसरं काही दिसत नसे.

त्या वर्षी मरणाची आठवण देणाऱ्या चित्रांची चलती होती. गोव्हर्टने धाकट्या बहिणीचा, हिलेगोंदचा, लीव्हन मागून आणला. वर्षाचं पोर, ऐन जानेवारीत उघडंनागडं खिडकीशी बसवलं, कोपर कवटीवर टेकवून. ते बापडं कवटीच्या डोळ्यांत बोटं घालून खिदळत होतं.

"दादा, शिंकतोय रे तो. बास कर आता."

"गप गं! हलला तर सगळी मेहनत पाण्यात."

आठवड्यात पोर तापाने गेलं. चित्र मात्र हातोहात खपलं. पाववाल्याकडे, गुत्त्यात, जिकडेतिकडे भिंतीवर लीव्हन. लोक उसासे टाकायचे, "सगळ्यांनाच जायचंय बाबा!" आणि गोव्हर्ट मान खाली घालून सटकायचा. पोर आपल्यामुळे गेलं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हिलेगोंद तर चकार शब्द बोलली नव्हती, तेच त्याला जास्त खात होतं.

वसंतात ती आली. "दादा, त्याचा चेहरा आठवेनासा झालाय. एक चित्र दे ना. पण ती मेली कवटी नको त्यात."

एवढं केलं तर माफ करेल, असं गोव्हर्टला वाटलं. त्याची चित्रं विकणारा दुकानदार भडकला, "अरे शहाण्या, कवटी गेली तर राहिलं काय? नागडं पोर! घेणार कोण?"

"आहे घेणारी," म्हणत गोव्हर्टने पत्रा खरवडला, घासला, मागून ठोकून सपाट केला आणि छाप काढली. कवटीचा मागमूस उरला नाही.

हिलेगोंदने कागद उजेडात धरला. आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. गोव्हर्टलाही तेव्हाच दिसलं. पोराचा सगळा भार कवटीवर होता, हे तो साफ विसरला होता. लीव्हन हसत हसत हवेत कलंडला होता.

"अगं, खाली उशी कोरतो. उद्याच देतो दुसरी."

"राहू दे, दादा. मी धरते त्याला." तिने चित्रातल्या कोपराखाली तळहात लावला. "तेव्हाच उचलून घ्यायला हवा होता मी. माझंच चुकलं."

अपराध आपला आणि मनात जळतेय ही! गोव्हर्ट धडपडत उठला. ती तोवर तशीच, कागदाखाली हात धरून, जिना उतरून गेली.