हॅगिसचा आग्रह

लेकीचं लग्न ठरलं आणि तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी आम्हाला एडिनबराला जेवायला बोलावलं. लंडनमधल्या पिनरहून निघतानाच मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. परक्या गावचं खाणं, त्यातून हॅगिस. मेंढीचं काळीज नि फुप्फुस बारीक करून, ओट्स आणि मिरी घालून शिजवलेलं. मटण आमच्या घरी आवडीने खातात, पण फुप्फुस म्हटल्यावर नवरासुद्धा ट्रेनमध्ये मुकाट्याने दशम्याच खात राहिला.

लेक तिथेच हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. स्टेशनवर भेटल्या भेटल्या तिने मला बाजूला घेतलं.

"आई, प्लीज. त्याची आई कालपासून नर्व्हस आहे. तुला नाही आवडलं तर फेस नको करू."

जन्म इथला, त्यामुळे मराठी अशी. तोंड वाकडं करायला मी काही कुक्कुलं बाळ नाही, असं मी फणकाऱ्याने सांगितलं खरं, पण धास्ती मलाही होती. पहिल्याच भेटीत विहीणबाई दुखावल्या तर निस्तरायचं लेकीलाच.

विहीणबाईंनी ताटं वाढून आणली. तपकिरी हॅगिस, शेजारी कुस्करलेला बटाटा आणि स्वीड नावाचा पिवळा कंद. मी घाबरत घाबरत चमच्याचं टोक भरलं. आणि काय सांगू! मिरीचा ठसका, कलेजीची चव, ओट्सचा खमंगपणा. खिम्याला कुणी भाजणी लावावी तसं लागत होतं. ताट कधी रिकामं झालं ते कळलंच नाही.

आणखी वाढू का, असं विहीणबाईंनी विचारलं. आता याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं. पहिल्यांदा नको नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, तिसऱ्यांदा बरं, अगदी थोडंसं. मी हसून नको म्हटलं, आडवा धरायला हात तयार ठेवला, आणि बाई ठीक आहे म्हणून भांडं उचलून चक्क आत निघून गेल्या.

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. मला काही आवडलं नाही, अशी तिची खात्रीच पटली. मागून खायचं नाही, लेकीच्या सासरी तर नाहीच नाही, हे वळण माझ्या हाडीमाशी मुरलेलं. पण पोरीचं ते तोंड बघवेना. शिवाय खरं सांगायचं तर भूकही होती. मी ताट उचललं आणि विहीणबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

तर बाई ओट्यापाशी उभ्या राहून भांड्याच्या कडेची खरवड चमच्याने काढून खात होत्या. मीही घरी अशीच खाते, सगळ्यांचं झालं की, उभ्या उभ्या. मला पाहून त्या लाजून लाल झाल्या. मी ताट पुढे केलं आणि सांगून टाकलं, की आमच्यात पहिला नकार धरायचा नसतो, तीनदा विचारायचं असतं. त्या पोट धरून हसल्या. मला घास गिळवत नसेल, उगाच कशाला छळा, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी खण उघडून मला दुसरा चमचा दिला. आम्ही दोघींनी मिळून भांडं चाटूनपुसून साफ केलं.

लेक दारात येऊन उभी राहिली. "आई, तू तर नो म्हटला ना?"

दुसऱ्या दिवशी निघताना विहीणबाई फॉइलचं पुडकं घेऊन आल्या. वाटेत खायला हॅगिस. सवयीने माझ्या तोंडून नको नको, कशाला, असं निघून गेलं. त्यांचा हात थबकला. मग एकेक बोट वर करत त्यांनी तेच तीनदा विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते पुडकं माझ्या पिशवीत कोंबलं.

ट्रेन सुटल्यावर माझे डोळे भरून आले. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आपली पोर नको म्हणाली, तरी त्या घरात उपाशी राहायची नाही."