जोडीची दुसरी तार

ज्या घरात शिरताना पाहुणे पायताणाबरोबर श्वासही उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात, असं घर अख्ख्या सांगलीत एकच आहे आणि ते माझ्या साडूंचं आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. जन्मभर त्यांनी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलं, म्हणजे विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून दिली, आणि त्यातून उरलेला सगळा जीव घरातल्या एका लोखंडी पेटीवर लावला. ती पेटी म्हणजे व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. पूर्वी रेडिओच्या पोटात काचेच्या नळ्या असत, तापल्या की नारिंगी उजळत, तसल्या नळ्या या पेटीच्या डोक्यावर उघड्या उभ्या असतात. चालू केल्यावर त्यांना नीट तापायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात घरात मोठ्यानं बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही. एकदा मला शिंक आली. दाजींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर सांगली जिल्ह्याच्या हद्दीत मला आजतागायत शिंक आलेली नाही.

त्या पेटीच्या पोटात चारशे व्होल्ट खेळत असतात. त्यामुळं आत हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा, हा दाजींचा नियम. करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाला तर वाटेत काळीज लागतं, असं ते सांगतात. नियम चांगला आहे, पण इतक्या वर्षांत तो अंगात मुरला. आता ते लग्नात अक्षता एका हातानं टाकतात, देवळात घंटा एका हातानं वाजवतात, आणि व्याह्यांना नमस्कारही एकाच हातानं करतात. व्याह्यांचा समज, माणूस शिष्ट आहे. ताई, म्हणजे माझी मेहुणी, एकदा मला म्हणाली, "माझ्याशी भांडतानासुद्धा ह्यांचा डावा हात खिशात असतोय. म्हणजे मी किती व्होल्टची हाय, ते ह्यांनी ओळखलंय."

दुसरी सवय पेन्सिलीची. व्हॉल्व्ह नवा असो की जुना, त्याच्या काचेवर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हळूच टिचकी मारायची आणि स्पीकरला कान लावायचा. आत काही सैल झालं असेल तर स्पीकर टणकन बोलतो. ही पेन्सिल कानावर कायम असल्यामुळं दाजी जगाची तपासणी तिनंच करतात. कलिंगडावर मारतात, दूधवाल्याच्या किटलीवर मारतात, आणि नवा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा बोलता बोलता त्याच्या चष्म्याच्या काडीवरही वाजवून मोकळे झाले. वर ताईला आत जाऊन सांगितलं, "पोरगा घट्ट आहे."

व्हॉल्व्ह ठेवायला त्यांच्याकडं तासगावच्या बेदाण्याची खोकी आहेत. कापसात गुंडाळलेले व्हॉल्व्ह या खोक्यांत जोडीजोडीनं निजतात. एकदा साताऱ्याच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडून ते एक जोडी घेऊन एसटीनं निघाले. मी कराडला त्याच गाडीत चढलो, तर दाजी खोकं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसलेले. कंडक्टर वाकून म्हणाला, "काका, आत बाळ हाय काय?"

"बाळापेक्षा नाजूक आहे."

"मग मागच्या चाकावर कशाला बसलाय? मधी या. मधी हादरे कमी लागत्यात."

दाजी उठून मधल्या सीटवर गेले आणि पुढं सांगलीपर्यंत मला सांगत राहिले की या राज्यात अजून जाणती माणसं आहेत.

कराडशेजारच्या मलकापूरला मी घर बांधलं तेव्हा मलाही वाटलं, हॉलमध्ये गाण्याचं काहीतरी असावं. ही गोष्ट बायकोनं फोनवर बहिणीला सांगितली आणि तिथंच माझ्या हातून गेली. दुसऱ्या दिवशी दाजी हजर. त्यांनी टेपनं हॉल मोजला, भिंतीवर पेन्सिल वाजवली आणि मला समोर बसवून उलटतपासणी घेतली. काय ऐकता, किती वेळ ऐकता, शेजारी कोण राहतं, बायको मधे बोलते का. शेवटच्या प्रश्नाला मी घुटमळलो, ते त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, "आधी स्पीकर ठरवायचा, मग अँप्लिफायर. ताट बघितल्याशिवाय वाढायचं नसतं." मग त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हातानं ट्रान्सफॉर्मर गुंडाळून जो अँप्लिफायर केला, तो आठ वॅटचा निघाला.

मी म्हटलं, "दाजी, आठ वॅटचा तर आमच्या जिन्यातला बल्बसुद्धा नाही."

"तुम्हाला गाणं ऐकायचंय, का मलकापूरला ऐकवायचंय?"

आठ वॅटमध्ये गाणारी बाई माझ्या हॉलमध्ये येऊन बसते, हे मला मान्य करावं लागलं. व्हॉल्व्ह बदलला की तीच बाई सोफ्यावरून उठून खुर्चीत बसते, असं दाजी म्हणतात. मला ती कायम सोफ्यावरच दिसते. पण हे मी त्यांना कधी बोललो नाही.

आता खरी गोष्ट. व्हॉल्व्ह बदलण्याचा हा सगळा खटाटोप एका माणसाच्या एका वाक्यापायी चालला होता. मिरजेत तंबोरे घडवणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांच्या दुकानातली भोक पाडायची मोटर दाजी दुरुस्त करून द्यायचे, तिथून दोस्ती. वीसेक वर्षांपूर्वी चाचांनी एक तंबोरा पुरा केला, तेव्हा तो गिऱ्हाइकाकडं, साताऱ्याच्या एका गायिकाबाईंकडं, जाण्याआधी दाजींनी त्यांच्या दुकानात बसून त्याचा आवाज टेप केला. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं इतका अलगद घासायचा की तार तिला लागते न लागते. मग सूर नुसता वाजत नाही, मधमाश्यांसारखा गुंजत राहतो. ती गुंज म्हणजे जवारी, आणि चाचांच्या हातच्या जवारीसाठी धारवाडपासून माणसं यायची. दाजींनी तो टेप आपल्या पेटीवर मोठ्या हौसेनं चाचांना ऐकवला. चाचा पूर्ण ऐकून म्हणाले, "मशीन चांगली हाय बाबा. पण हिच्यात जवारी नाही."

त्या दिवसापासून दाजींनी झोपेचं खोबरं केलं. नव्या जोड्या, जुन्या जोड्या, एका बंद पडलेल्या टॉकीजच्या अँप्लिफायरमधून काढलेली जोडी. प्रत्येक जोडीवर तोच टेप, आणि प्रत्येक वेळी मान हलवून, "नाही. अजून लाकूड येत नाही." म्हणजे मशीन ऐकू येते, तंबोऱ्याचं लाकूड ऐकू येत नाही. चाचांना परत बोलवायचं म्हटलं की म्हणायचे, "लाकूड आल्यावर." असं करता करता चाचांचे डोळे गेले, हात कापायला लागले, दुकान मुलांकडं गेलं. आणि गेल्या हिवाळ्यात निरोप आला की पुढच्या आठवड्यात चाचा लेकीकडं हुबळीला कायमचे चाललेत. दाजींनी त्यांना रविवारी सकाळी घरी बोलावलं आणि मला फोन केला. एवढंच म्हणाले, "या. मला कुणीतरी सोबत पाहिजे."

मी पोचलो तेव्हा ताईनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दाजी टॉकीजची जोडी मीटरवर तपासत होते. त्यातल्या त्यात चांगली म्हणून ती त्यांनी इतकी वर्षं जपून, क्वचितच पेटवून ठेवली होती. मीटरचा काटा दोन्ही व्हॉल्व्हना एकाच जागी जाऊन शिपायासारखा उभा राहिला. "बघा," ते मला म्हणाले, "जुळी भावंडं. एका केसाचा फरक नाही." मी पाहिलं. खरंच नव्हता. जोडी बसवली, पेटी चालू केली, नळ्या उजळू लागल्या. आणि एकाएकी त्यांचा उजेड मंदावला.

घरामागं एक मळा आहे. मळेवाल्या तात्यानं विहिरीवरची मोटर सुरू केली की दाजींच्या घरातलं व्होल्टेज बसतं. दाजी अनवाणी बांधावर धावले, मी मागं.

"तात्या, मोटर बंद करता काय थोडा वेळ?"

"आवं काका, आज पाण्याची पाळी हाय माझी. तुमी गाणं उद्या ऐका की."

"उद्या चालायचं नाही. मिरजेचे चाचा येणार आहेत तंबोरा ऐकायला."

"तंबोरा हाय घरात?"

"नाही. त्याचा आवाज आहे."

तात्यानं दाजींच्या अनवाणी पायांकडं बघितलं. "चाचा आल्यावर हाक मारा. तितनं अर्धा तास. मग मी बटन दाबणार, काय?"

चाचा रिक्षातून उतरले. नातवानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि तो बाहेर रिक्षापाशी जाऊन उभा राहिला. दाजींनी खिडकीतून तात्याला हाक दिली, मोटर थांबली, नळ्या पुन्हा नारिंगी झाल्या. दाजी टेप लावणार, एवढ्यात डाव्या स्पीकरमधून चरचर ऐकू आली, तव्यावर पाणी पडल्यासारखी. दाजींचा चेहरा उतरला. पेटी बंद. काच तापलेली, लगेच काढता येईना. ते फुंकर मारत उभे राहिले. ताईनं न सांगता हातपंखा आणून दिला. मी घड्याळ बघत होतो आणि चाचा शांतपणे विचारत होते, "काय जेवण करताय काय रं?" शेवटी रुमालानं व्हॉल्व्ह उपटला, त्याच्या पिना खोडरबरानं घासल्या, परत बसवला, पेटी चालू करून पेन्सिल वाजवली. चरचर गेली. अर्ध्या तासातली आठ मिनिटं उरली होती, नळ्या पुरत्या तापू द्यायला आता वेळ नव्हता.

टेप सुरू झाला. आधी पंचम, मग एकाच सुरात लावलेल्या जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. परत पंचम. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण एवढं सांगतो की त्या खोलीत कुणीतरी तंबोरा घेऊन बसलं होतं. चाचांचं बोट गुडघ्यावर हलत होतं, एक, दोन, तीन, चार. पुढच्या फेरीत तिसऱ्या तारेला ते बोट थांबलं. त्याच्या पुढच्या फेरीत परत थांबलं.

"बंद कर," चाचा म्हणाले.

दाजींनी टेप थांबवला. त्यांचा डावा हात खिशात होता.

"जोडीची दुसरी तार," चाचा म्हणाले. "हिच्याखाली कानस जास्त पडलीय. पहिली बोलते तशी ही बोलत नाही."

मी दाजींकडं पाहिलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता, तो माणूस आता पेटीबद्दल बोलतच नव्हता. तो घोडीबद्दल बोलत होता, कानशीबद्दल, लाकडाबद्दल. मधे पेटी आहे हेच तो विसरला होता. यापेक्षा मोठी पावती कुणी देणार नव्हतं. दाजींच्या डोळ्यांत ते चमकलंही. पण चाचांचं बोलणं संपलं नव्हतं.

"साताऱ्याच्या बाईंना दिला होता ना हा? बारा वर्षं गायल्या त्या ह्याच्यावर. दर साली तारा बदलायला यायच्या. चहा घ्यायच्या, जायच्या. एकदा बोलल्या नाहीत." त्यांनी आपले कापणारे हात एकमेकांत धरले. "मला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नसतील. आणि मी जगाला सांगत बसलो, माझ्या हातचं असं, माझ्या हातचं तसं."

बाई वारल्याला वर्षं झाली होती. आता घोडी काढून परत घासून द्यायला ना बाई होत्या, ना चाचांचे हात.

मग दाजी म्हणाले, "चाचा, तंबोरा बरोबर आहे ओ. माझा व्हॉल्व्ह गेलाय."

"काय?"

"डाव्या बाजूचा. म्हातारा झालाय, मधल्या सुराला दम टिकत नाही त्याला. मगाशी चरचरला, तुम्ही ऐकलं नाही काय? मी सकाळीच मीटरवर बघितलं होतं. म्हटलं चालून जाईल. नाही चालला."

एक व्हॉल्व्ह बिघडला तर चारही तारा बिघडतील, एकटी तिसरी बिघडणार नाही, एवढं मलासुद्धा कळतं. पण चाचांचा आणि व्हॉल्व्हचा काही संबंध नव्हता. त्यांनी दाजींच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"खरं सांगतोस?"

"तुमच्या कानाला मी खोटं सांगणार काय?"

चाचांचे खांदे हळूहळू खाली आले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जुना दुकानदार परतला. "बघ. तेव्हाच बोललो होतो तुला. मशीन ती मशीन. जवारी नाही हिच्यात."

"नाही," दाजी म्हणाले. "नाहीच आली."

ताईनं चहा आणला. तो पिऊन होईपर्यंत मागं तात्याची मोटर सुरू झाली, पण आता कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. चाचांनी जाताना चाचपडत दाजींचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "सोडू नको," म्हणाले. "लावत राहा. लागेल कधीतरी."

संध्याकाळी दाजी मला स्कूटरवरून स्टँडवर सोडायला आले. कराडची गाडी लागलेली होती. मी काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून म्हटलं, "दाजी, आज तुम्ही जिंकलात."

"गप बसा ओ."

गाडी भरत होती. ते खिडकीखाली उभे राहिले. वर न बघताच म्हणाले, "त्यांना लाकूड ऐकू आलं. तुम्ही होता ना तिथं?"

"होतो की."

"बास मग," दाजी म्हणाले. "एकाला माहीत असलं तरी बास."

कंडक्टरनं घंटी मारली. मी मान बाहेर काढून काही म्हणणार होतो, पण ते स्कूटरकडं निघालेही होते, सावकाश, पहिल्यांदाच कुठं परत जायची घाई नसल्यासारखे.