समोरच्या ओळीची जागा

थोरली बहीण गेल्यानंतर माझा दिवस संगणकाच्या हार्ड डिस्कची प्रकृती विचारून सुरू होई. त्यासाठी एक फुकटचा प्रोग्रॅम मिळाला होता. तो डिस्कचं तापमान सांगे, आजवर किती तास चालली ते सांगे आणि निळ्या चौकटीत 'गुड' असा शेरा देई. आम्ही दोघंही बिनलग्नाची, त्यामुळे माझी चौकशी करणारं आता घरात कोणी नव्हतं. डिस्कची तरी होत होती.

डिस्कवर बहिणीची धालोची, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या फेराच्या नाचाची, गाणी होती. डिचोलीतल्या एका सांस्कृतिक समितीला ती हवी होती, म्हणून स्वयंपाकघरात तिच्यासमोर माइक ठेवून मी ती रेकॉर्ड केली होती. समितीने सोहळा केला. भाषणं चार, शाली सात, बहिणीचा आवाज अर्धा मिनिट. पुढे समितीची प्रत हरवली. "तुमच्याकडे असेलच," अध्यक्ष म्हणाले, आणि लोकसंस्कृतीचं जतन माझ्या टेबलाखाली येऊन पडलं. ती फाइल मी कधी उघडत मात्र नव्हतो. आवाज ऐकण्यापेक्षा तापमान वाचणं सोपं होतं.

एके सकाळी चौकट पिवळी झाली. घाबरून मी संपूर्ण तपासणी लावली. डिस्क दिवसभर आतून टकटकत राहिली. संध्याकाळी संगणक उचलून बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. हा सावंतवाडीकडचा. पूर्वी खाणीच्या ऑफिसातले संगणक सांभाळायचा, खाणी बंद पडल्यावर त्याने इथे दुकान टाकलं.

"मास्तर, आजाऱ्याक दिवसभर उठाबशा काढूक लावलात?" तो म्हणाला. "आधी कॉपी करूची, मगे तपासूची!"

दोन दिवसांनी त्याने दोन पेन ड्राइव्ह हातावर ठेवले. "मिळाली. पण गाणां मधी मधी तुटता. तेवढां गेलां समजा."

त्याने लावून दाखवलं. बहिणीने एक ओळ म्हटली आणि आवाज थांबला. त्या शांततेत दूरवर पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. पाव घेऊन तो आमच्या दारावरून रोजच जाई. मग तिने पुढची ओळ घेतली.

काही तुटलं नव्हतं. धालोत बायकांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, एकीने म्हणायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. स्वयंपाकघरात एकटी बसूनही ती समोरच्या ओळीसाठी थांबत होती. समोर मी होतो, आणि मी माइकची वायर बघत होतो.

"एक दुसऱ्या घरात ठेवा," दुरुस्तीवाला म्हणाला.

दुसरं घर कुठलं, हे ठरवायला मला आठवडा लागला. शेवटी लाटंबार्सेची बस धरली. तिथे बहिणीची मैत्रीण राहते. धालोला ती वर्षानुवर्षं समोरच्या ओळीत असायची.

पेन ड्राइव्ह बोटांत फिरवत ती म्हणाली, "इतक्याशात ती मावली? घरात तर कधी मावली नाय!"

सुनेने तो टीव्हीला लावला. बहिणीने ओळ म्हटली, थांबली. मैत्रिणीने टीव्हीकडे न बघता, हातातले काजू निवडत उत्तराची ओळ म्हटली. पुढच्या थांब्यालाही. शेवटपर्यंत.

मी चहा पिऊन परतलो. घरी माझी प्रत लावली. ओळ झाली, भोंगा वाजला. मला उत्तराचे शब्द येत नाहीत. मी फक्त आवाज थोडा वाढवला.